आकड्यामागची ओळ

बंग एटी, बंग आरए, बैतुले एसबी, रेड्डी एमएच, देशमुख एमडी. इफेक्ट ऑफ होम-बेस्ड निओनेटल केअर अँड मॅनेजमेंट ऑफ सेप्सिस ऑन निओनेटल मॉर्टॅलिटी: फील्ड ट्रायल इन रूरल इंडिया. लॅन्सेट. १९९९;३५४(९१९४):१९५५-६१.

वैद्यकीय नियतकालिकातल्या प्रत्येक लेखाच्या शेवटी अशा ओळींची यादी असते. टाइप बारीक, मजकूर दाटीवाटीचा आणि वाचणारे थोडे. माझ्या हातात लेख आला की मी आधी तीच यादी उघडते. एका वैद्यकीय महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. एमडी, एमएस करणारी मुलंमुली प्रबंध किंवा पेपर घेऊन येतात आणि म्हणतात, ‘मॅडम, बाकीचं सरांनी बघितलंय, तुम्ही रेफरन्सेस तेवढे बघून द्या.’ माझ्या नोकरीतलं मला सर्वांत आवडणारं काम हेच. औषध कोणतं द्यावं, किती द्यावं, कोणाला देऊ नये याबद्दल डॉक्टर जे बोलतात, त्याला आधार कशाचा आहे हे त्या यादीत दिसतं. पेशंटलाही त्यात रस असायला हवा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

वरची ओळ गडचिरोलीची आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची व्यवस्था उभी केली. दुसऱ्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पुढे २०११मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

समजा, दुसऱ्या एखाद्या देशातल्या डॉक्टरला हे मुळातून वाचायचं आहे. तिला मराठी येत नाही, गडचिरोली कुठे आहे ठाऊक नाही. तरी या एका ओळीवरून ती बरोबर त्या पानावर पोचते. ओळ म्हणजे पूर्ण पत्ता आहे. आधी आडनाव, मग नावाची आद्याक्षरं, त्यांच्यामध्ये टिंब नाही. लेखकांमध्ये स्वल्पविराम. सगळे लेखक संपले की पूर्णविराम. मग लेखाचं शीर्षक, पुन्हा पूर्णविराम. मग नियतकालिक, मग वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात अंक, अपूर्णविराम आणि पानं. अर्धविरामानंतर येतो तो खंडच आणि अपूर्णविरामानंतर येतं ते पानच, यात बदल होत नाही. नव्या मुलांना १९५५-६१ ही अभ्यासाची वर्षं वाटतात. ती ३५४व्या खंडातली पानं आहेत. १९५५पासून १९६१पर्यंत, म्हणजे सात पानांचा लेख. शेवटच्या पानाचे जे आकडे पहिल्यासारखेच असतात ते पुन्हा लिहायचे नाहीत, असा नियम आहे. अपूर्णविरामाच्या जागी चुकून स्वल्पविराम पडला तर माणूस अडखळून का होईना, समजून घेतो. पण आता या याद्या संगणक वाचतात, कोणी कोणाचा आधार घेतला याचे दुवे जोडतात, आणि तिथे चुकलेली ओळ नुसती गळून जाते.

या मांडणीला व्हँकुव्हर पद्धत म्हणतात. जानेवारी १९७८मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात अनौपचारिकपणे भेटले. तेव्हा लेख टाइपरायटरवर तयार होत आणि प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ लिहिण्याची तऱ्हा वेगळी असे. एकाने लेख परत केला की दुसऱ्याकडे पाठवण्याआधी पूर्ण यादी नव्या तऱ्हेने टाइप करायची. संपादकांनी ठरवलं की आपण सगळे एकच साचा मान्य करू. १९७९मध्ये ते नियम छापून आले. पुढे या गटाची इंटरनॅशनल कमिटी ऑफ मेडिकल जर्नल एडिटर्स झाली, आणि ‘आयसीएमजेई’च्या शिफारशी आज जगभर पाळल्या जातात. मला अभिमान वाटतो तो एका गोष्टीचा. संदर्भ लिहिण्याचा साचा तयार केला तो अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने, म्हणजे ग्रंथपालांनी. याच ग्रंथालयाच्या पूर्वसूरींपैकी एक, लष्करी शल्यविशारद जॉन शॉ बिलिंग्ज, यांनी १८७९मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केलं होतं. जगभरच्या वैद्यकीय लेखांची ती विषयवार सूची २००४पर्यंत छापली जात होती. आज मुलं मोबाइलवर पबमेड उघडतात, ते त्याच सूचीचं पुढचं रूप.

व्हँकुव्हर पद्धतीत मजकुरात फक्त आकडा येतो. पहिल्यांदा ज्याचा उल्लेख झाला तो १, मग २. पुढे पुन्हा पहिल्याचा आधार घेतला तर पुन्हा १च. तक्त्यात एखादा संदर्भ असेल तर तक्त्याचा उल्लेख मजकुरात जिथे प्रथम होतो त्या जागेवरून त्याचा क्रम ठरतो, आणि हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. लेखकाचं नाव आणि वर्ष कंसात घालण्याची दुसरी पद्धत हार्वर्ड नावाने ओळखली जाते. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१मध्ये गोगलगायीच्या कुळातल्या एका प्राण्यावरच्या निबंधात ती वापरली होती. वैद्यकात मात्र आकडाच चालतो. डॉक्टर वाक्य वाचतात, आणि मध्ये चार नावांचा कंस आला तर वाक्य तुटतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या दोन ओळी मी मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवते. पहिली: बावस्कर एचएस. डायग्नोस्टिक कार्डिअॅक प्रीमॉनिटरी साइन्स अँड सिम्प्टम्स ऑफ रेड स्कॉर्पिअन स्टिंग. लॅन्सेट. १९८२;१:५५२-४. दुसरी: बावस्कर एचएस, बावस्कर पीएच. एफिकसी अँड सेफ्टी ऑफ स्कॉर्पिअन अँटिव्हेनम प्लस प्रॅझोसिन कम्पेअर्ड विथ प्रॅझोसिन अलोन फॉर व्हेनमस स्कॉर्पिअन (मेसोब्युथस टॅम्युलस) स्टिंग: रँडमाइज्ड ओपन लेबल क्लिनिकल ट्रायल. बीएमजे. २०११;३४२:सी७१३६.

कोकणात लाल विंचू चावून माणसं हृदय थकून, फुप्फुसांत पाणी भरून जात. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने ती लक्षणं टिपली, पुढे प्रॅझोसिन या गोळीचा उपयोग दाखवला, आणि तीस वर्षांच्या आत ते काम प्रतिविषासह गोळी आणि नुसती गोळी यांच्या तुलनात्मक चाचणीपर्यंत गेलं. हे सगळं या दोन ओळींमधल्या अंतरात आहे. पण नुसता साचा बघितला तरी खूप शिकण्यासारखं आहे. पहिल्या ओळीत खंड १ आहे. त्या काळी लॅन्सेटचे खंड दर वर्षी नव्याने १ आणि २ असे मोजले जात. म्हणजे वर्ष गाळलं तर ‘लॅन्सेट, खंड १, पान ५५२’ या पत्त्यावर दर वर्षीचा एक लेख उभा राहतो. अंकाचा आकडा तिथे नाही, आणि त्याने बिघडत नाही, कारण खंडभर पानं सलग मोजलेली असली तर अंक गाळायला मुभा आहे. दुसऱ्या ओळीत पानच नाही. ‘सी७१३६’ हा लेखाचा इलेक्ट्रॉनिक क्रमांक. लेख आधी संगणकावर येऊ लागले तशी पानं मागे पडली. मुलं तिथे जबरदस्तीने पानं शोधतात, पीडीएफवरचे १ ते ७ असे आकडे घालतात. तसं करू नये. जे छापलंय तेच लिहायचं आणि पुढे डीओआय जोडायचा. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा क्रमांक. तो नेहमी १० या आकड्याने सुरू होतो, आणि संकेतस्थळ बदललं तरी लेखापर्यंत नेतो.

याच ओळींत आपल्याकडची नावं ठेवण्याची रीतही जपलेली आहे. बंग एटीमधला टी म्हणजे ठाकूरदास, अभय बंगांचे वडील. बावस्कर पीएच म्हणजे प्रमोदिनी हिंमतराव. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, ही आपली पद्धत व्हँकुव्हरच्या साच्यात बिनतक्रार बसते. अडचण होते ती लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची. आद्याक्षरंही बदलतात आणि आडनावही, आणि पबमेडवर एकाच बाईच्या दोन बायका होतात. एमबीबीएसला असताना केलेलं काम एकीच्या नावावर, एमडीनंतरचं दुसरीच्या. म्हणून पहिला पेपर पाठवण्याआधी मी प्रत्येकीला ऑर्किड क्रमांक काढायला बसवते. २०१२पासून ही सोय आहे. सोळा अंकांचा हा क्रमांक फुकट मिळतो आणि नाव काहीही झालं तरी तो बदलत नाही. मुलगेही काढतात, पण मुलींना त्याचं महत्त्व लगेच कळतं.

एकच साचा ठरला असला तरी प्रत्येक नियतकालिकाची थोडी थोडी मुरड असते. आयसीएमजेईच्या नमुन्यांत पहिले सहा लेखक लिहून पुढे ‘एट अल’. जामा, लॅन्सेट आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन यांच्याकडे सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिले तीनच. कुठे आकडा वर चढवलेला, कुठे चौकटी कंसात, कुठे पूर्णविरामाच्या आधी, कुठे नंतर. नियतकालिकाचं नाव संक्षेपात लिहायचं, ‘एन इंग्ल जे मेड’ असं, पण एकाच शब्दाचं नाव असेल, लॅन्सेट किंवा चेस्ट, तर पूर्ण. अलीकडे बरीच नियतकालिकं पहिल्या खेपेला कोणतीही एक पद्धत सुसंगतपणे वापरलेली असली तर लेख घेतात. हे फार चांगलं झालं. रात्रभर कॅज्युअल्टी करून आलेल्या मुलीने सकाळी कंस बदलत बसू नये.

त्यासाठी झोटेरो, मेंडेली, एंडनोट अशी सॉफ्टवेअर आहेत. झोटेरो फुकट आहे, मी तेच शिकवते. मजकुरात मध्येच एक संदर्भ घातला की पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात. पण सॉफ्टवेअर जे मिळेल ते निमूट घेतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल घ्या. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन हे संस्थेचं नाव न वाटता माणसाचं वाटलं की यादीत ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ नावाचे लेखक अवतरतात. हे मी छापील नियतकालिकांतही पाहिलं आहे, म्हणजे लेखक, परीक्षक, संपादक, प्रूफ बघणारे या सगळ्यांच्या नजरेखालून ते गेलं.

इथपर्यंतचं सगळं थोडा सराव झाला की जमतं. याच्यापुढे जे आहे त्यासाठी मी खुर्ची ओढून बसायला सांगते.

भूलशास्त्रातली एक जेआर-थ्री, म्हणजे तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवरचा पेपर घेऊन आली होती. प्रस्तावनेत वाक्य होतं की, वेदनेसाठी अफूवर्गीय औषधं घेणाऱ्या रुग्णांत व्यसन लागण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असतं. पुढे आकडा ४. यादीतली चौथी ओळ: पोर्टर जे, जिक एच. अॅडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कोटिक्स. एन इंग्ल जे मेड. १९८०;३०२(२):१२३. चिन्हांसकट बिनचूक. मी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. ‘एकच पान कसं?’

‘टायपो असेल, मॅडम.’

टायपो नव्हता. मूळ पान पडद्यावर उघडलं. ते संपादकांना लिहिलेलं पाच वाक्यांचं पत्र आहे. बॉस्टनमधल्या एका प्रकल्पात रुग्णालयात दाखल झालेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी होत्या. त्यांपैकी ११,८८२ जणांना किमान एकदा अफूवर्गीय औषध मिळालं होतं, आणि आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांमध्ये व्यसनाची नीट नोंद झालेली चार माणसं सापडली. एवढंच. औषध किती दिवस दिलं, किती मात्रेत दिलं, घरी गेल्यावर काय झालं, यातलं काहीही त्या पत्रात नाही. पत्र लिहिणाऱ्यांनी लपवलंही काही नाही. त्यांनी दाखल रुग्णांबद्दल सांगितलं, आणि पत्रात मावतं तेवढंच सांगितलं.

पुढे जे झालं ते याद्यांमध्ये झालं. १९९६मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गीय औषध अमेरिकेत बाजारात आलं. पाठदुखी, सांधेदुखी अशा दीर्घकाळच्या दुखण्यांसाठी घरी न्यायला या गोळ्या लिहून दिल्या जाऊ लागल्या, आणि व्यसनाची भीती नाही हे सांगताना या पत्राचा आधार दिला जाऊ लागला. २०१७मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्याचा आधार घेणारे सगळे लेख मोजले. ६०८ भरले. त्यांपैकी ४३९ जणांनी, म्हणजे ७२ टक्क्यांनी, अफूवर्गीय औषधांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून ते दिलं होतं. आणि ४९१ जणांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्टच सांगितली नव्हती. ही मोजदाद न्यू इंग्लंड जर्नलमध्येच प्रसिद्ध झाली, आणि त्या नियतकालिकाने जुन्या पत्रावर वाचकांना सावध करणारी टीप जोडली. अमेरिकेत या औषधांनी जी माणसं गेली त्याला अनेक कारणं आहेत, औषध कंपन्यांच्या प्रचारापासून पुढे. पण पाच वाक्यांच्या पत्राला निबंधाचं वजन आलं ते शेकडो लेखांच्या शेवटच्या बारीक टाइपातून.

व्हँकुव्हर नियमांत एक सोय आहे. आधार घेतलेला मजकूर पत्र असेल तर शीर्षकानंतर चौकटी कंसात ‘लेटर’ असं लिहिता येतं. आयसीएमजेईच्या नमुन्यांत त्याचं उदाहरणही दिलेलं आहे. तो एक शब्द या ओळीत असता तर कित्येक वाचक थबकले असते. फॉरमॅटिंग हे कारकुनी काम आहे असं मला कोणी म्हणालं की मी हे उदाहरण देते.

त्या मुलीने चौथा संदर्भ काढला नाही. त्यापुढे ‘लेटर’ लिहिलं, आपलं वाक्य बदललं, त्यात दाखल रुग्ण आणि त्यांच्या नोंदी यांचा उल्लेख आला, आणि २०१७चा लेख पाचवा म्हणून जोडला. तिच्या गाइडना बदललेलं वाक्य पहिल्यापेक्षा पुष्कळ आवडलं.

तिने ते पत्र आधी वाचलं नव्हतं. एका पाठ्यपुस्तकातून वाक्य आणि ओळ दोन्ही उचलली होती. हे सगळीकडे चालतं, आणि त्याचा माग लागतो तो चुकांमुळे. लॉस एंजेलिसचे मिखाइल सिमकिन आणि वाणी रॉयचौधुरी यांनी भौतिकशास्त्रातल्या एका प्रसिद्ध निबंधाची सुमारे ४,३०० अवतरणं तपासली. १९६ ठिकाणी आकडे चुकलेले होते, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाच्या आकड्यातली एकच चूक ७८ वेळा आली होती. मूळ निबंध उघडून लिहिणारा स्वतःची चूक करतो. तीच चूक ७८ जणांकडे दिसते तेव्हा ओळ एकमेकांकडून उतरवलेली असते. त्यावरून त्यांनी २००३मध्ये अंदाज मांडला की आधार घेणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ लेख वाचत असावेत. वैद्यकातली मोजदादही समाधानाची नाही. २०१५मध्ये पीअरजेमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात सुमारे २५ टक्के उल्लेख असे निघाले की मूळ लेख ते म्हणतच नव्हता, किंवा तितकं ठामपणे म्हणत नव्हता. त्यांतले जवळपास निम्मे गंभीर होते.

याचं टोक म्हणजे व्हॅन डर गीअर यांचा ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’, वर्ष २०००, जर्नल ऑफ सायंटिफिक कम्युनिकेशन्स, खंड १६३. असा लेख नाही, असं नियतकालिकही नाही. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी तयार केलेल्या नमुन्यात, संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला ही ओळ रचली होती. लोकांनी नमुन्यात आपला मजकूर भरला आणि ही ओळ तशीच राहिली. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रूननबर्ग यांच्या हे लक्षात आलं तेव्हा तिची जवळपास ४०० अवतरणं झालेली होती.

गेली काही वर्षं अशा नसलेल्या लेखांचा पूर आला आहे, कारण चॅटजीपीटीसारख्या साधनांना विचारलं की ती संदर्भांसकट उत्तर देतात. ओळी देखण्या असतात. लेखक त्या विषयातले खरे, नियतकालिक खरं, संक्षेप बरोबर, कंस जागच्या जागी. २०२३मध्ये क्युरिअसमध्ये आलेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीने वैद्यकीय विषयांवर दिलेले ११५ संदर्भ तपासले गेले. ४७ टक्के पूर्ण बनावट होते, ४६ टक्के खरे पण तपशील चुकलेले, आणि ७ टक्के खरेही आणि बिनचूकही. साधनं सुधारत जातील, पण तपासल्याशिवाय एकही ओळ घ्यायची नाही हा नियम मी सैल करणार नाही. शीर्षक पबमेडमध्ये टाकायचं, डीओआय उघडून बघायचा. नेट बंद असेल तर जुनी युक्ती आहे. न्यू इंग्लंड जर्नलचे वर्षाला दोन खंड निघतात. १९८०च्या पूर्वार्धात ३०२ होता, म्हणजे २००२च्या पूर्वार्धात ३४६ आणि उत्तरार्धात ३४७, २०१७च्या पूर्वार्धात ३७६. लॅन्सेटचंही तसंच, १९९०मध्ये ३३५ आणि ३३६, म्हणून गडचिरोलीचा निबंध १९९९च्या उत्तरार्धात ३५४मध्ये. कोणी ‘एन इंग्ल जे मेड २०१७;३८१’ असं लिहून आणलं की कागदावर बेरीज करून सांगता येतं की या ओळीत कुठेतरी खोट आहे. मुलांना ही बेरीज फार आवडते, आणि एकदा कळली की ती स्वतःच एकमेकांच्या याद्या पकडतात.

ओळ खरी, लेख खरा, तरी काम संपत नाही, कारण लेख मागे घेतलेला असू शकतो. अँड्र्यू वेकफील्ड यांचा गोवराच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा, बारा मुलांवरचा लेख लॅन्सेटने १९९८मध्ये छापला आणि २०१०मध्ये मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत तो किती याद्यांमधून फिरला असेल. करोनाच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला लेख २२ मे २०२० रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. त्या दोन आठवड्यांत ज्याने पीडीएफ उतरवून ठेवली त्याच्या संगणकावर ती आजही तशीच असेल, त्यावर ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का नसेल. म्हणून आपल्या फोल्डरवर विसंबायचं नाही. पाठवण्याच्या दिवशी पबमेडवर प्रत्येक संदर्भ पुन्हा उघडायचा. झोटेरो २०१९पासून मागे घेतलेल्या लेखाला लाल पट्टी दाखवतं, तीही बघायची. आयसीएमजेईने ही जबाबदारी स्पष्टपणे लेखकावर टाकलेली आहे. मागे घेतलेल्या लेखाचा उल्लेख करायचाच असेल तर तो मागे घेतला आहे हे सांगण्यासाठीच करायचा.

हे सगळं करता करता यादी लहान होते. प्रत्येक आकड्यासाठी मूळ लेखातली ओळ रंगवून आणायला सांगितलं की मुलं बरेच संदर्भ आपण होऊन गाळतात. काही गाइडना लांब यादी आवडते, वाचन दांडगं वाटतं म्हणून. त्यांना मी लॅन्सेटच्या सूचना दाखवते. संशोधन-निबंधाला सुमारे ३० संदर्भ. न्यू इंग्लंड जर्नल ४० म्हणतं. इतक्यातच सगळं बसवायचं तर आढाव्याच्या लेखाऐवजी मूळ शोध द्यावा लागतो, आणि कॉन्फरन्समधले सारांश, खासगीत झालेली बोलणी, ‘छपाईच्या वाटेवर’ असलेले लेख आपोआप बाहेर पडतात.

पेपर स्वीकारला गेला की महिन्या-दोन महिन्यांनी प्रूफ येतं. समासात लेखकासाठी प्रश्न असतात: संदर्भ १७ मजकुरात सापडत नाही, संदर्भ २२चं वर्ष पबमेडशी जुळत नाही, कृपया खात्री करावी. उत्तर द्यायला बहुधा ४८ तास मिळतात. तोवर रेसिडेंटची पोस्टिंग बदललेली असते, लॅपटॉप दुसऱ्याकडे गेलेला असतो, कधी ती परीक्षा देऊन दुसऱ्या जिल्ह्यात बंधपत्राच्या नोकरीवर रुजू झालेली असते. म्हणून पेपर रवाना होतो त्या दिवशीच सगळ्या संदर्भांच्या पीडीएफ, रंगवलेल्या ओळींसकट आणि यादीतल्या क्रमांकाने नाव दिलेल्या, एका फोल्डरमध्ये ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवून जायला सांगते. २२व्याचं वर्ष कोणतं हे मग फोनवरच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. बहुतेक वेळा गोंधळ लेख ऑनलाइन आला ते वर्ष आणि अंकात छापला गेला ते वर्ष यांचा असतो. यादीत अंकाचं वर्ष द्यायचं.